पियानोचा रेंगाळणारा सूर : उभ्या पियानोतील डँपरचे दोष

श्रोतेहो, पियानोची पट्टी सोडली की सूर थांबला पाहिजे, आणि तो थांबवण्याचे काम तारांवर टेकणाऱ्या नमद्याच्या, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीच्या, लहानशा गादीचे, म्हणजे डँपरचे असते. गोव्यात मडगाव, लोटली, चांदर इथल्या जुन्या घरांतले उभे पियानो पाहताना 'सूर रेंगाळतो' ही तक्रार मला सर्वांत जास्त ऐकू येते, आणि तिच्यावर घाईने सुचवला जाणारा उपाय म्हणजे सगळे नमदे बदलून टाकणे. हा उपाय बहुधा सर्वांत शेवटी करावा असे माझे मत आहे, कारण दोष ऐकू येतो नमद्यापाशी, पण पुष्कळदा तो त्याच्या मागे दडलेला असतो.

पट्टी दाबली की हातोडी तारेकडे निघते. तिचा सुमारे ४५ मिलिमीटरचा प्रवास अर्धा झाला, की यंत्रणेच्या मागच्या बाजूस बसवलेली पळीसारखी धातूची चीप डँपरच्या दांड्याचे खालचे टोक ढकलते. दांडा आपल्या बारीक पिनेवर फिरतो, वरची गादी तारेपासून सुटते, आणि पट्टी सोडताच स्प्रिंग तिला पुन्हा तारेवर दाबते. उजवे पेडल हेच काम एका लांब सळईने सर्व दांड्यांवर एकदम करते. वरच्या टोकाच्या साधारण वीस सुरांना मात्र डँपर नसतातच. ते सूर रेंगाळतात म्हणून कारागिराला बोलावणारे लोक मी पाहिले आहेत.

तपासणीसाठी एकेक पट्टी तुटक वाजवावी आणि रेंगाळणाऱ्या सुरांवर खडूची खूण करावी. खुणा सलग आणि पुष्कळ असतील, तर पेडलला जराही ढील उरलेली नाही आणि सळई सर्वांना किंचित उचलून धरते आहे, असा संशय आधी घ्यावा. खूण एकट्या सुरावर असेल, तर त्याची पट्टी पुढून हलकेच वर उचलून पाहावी. सूर थांबला, तर पट्टी अडकते आहे किंवा ती पळी पुढे वाकली आहे. पट्टी उचलूनही थांबला नाही, तर बोटाने डँपर तारेवर दाबावा. आता थांबला, तर नमदा ठीक असून स्प्रिंग तुटलेली किंवा दुबळी आहे, अथवा दांडा आपल्या पिनेवर जड झाला आहे. दाबूनही खरखर उरली, तरच नमदा कडक झाला आहे, त्याला कसर लागली आहे किंवा तो त्या सुराच्या सर्व तारांवर सारखा बसत नाही, असे म्हणावे.

गोव्यात दांडा जड होणे ही मोठी अडचण आहे. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो, की पिनेभोवतीचे लोकरी कापड फुगून पिन आवळते, आणि कोरड्या हवेत तोच डँपर आपोआप सुटा होतो. म्हणून ऐन पावसाळ्यात नमदा कापू नये आणि पळीही वाकवू नये. सासष्टीतल्या एका घरी कोणीतरी या पिनांना खोबरेल तेल लावले होते. तेल कापडात मुरून चिकट झाले आणि अखेर प्रत्येक पिन काढून कापड नव्याने बसवावे लागले. पाणी आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणाचा एकच थेंब कापडावर सोडून ते पूर्ण वाळू दिले, तर कापड दबून पिन बहुधा मोकळी होते. तेवढ्याने न भागल्यास पिन बदलावी.

जुन्या इंग्रजी पियानोंची गोष्ट वेगळी आहे. त्यांत डँपर हातोड्यांच्या वर असतात आणि त्या डँपरना जोडलेल्या बारीक तारा (सुराच्या तारा नव्हेत) समोरून पिंजऱ्यासारख्या उभ्या राहतात. तिथे नमदा सुराच्या तारेच्या टोकाजवळ टेकतो, जिथे तारेची हालचाल मुळातच कमी असते, त्यामुळे नवा नमदा बसवला तरी खर्जाचा सूर थोडा रेंगाळणारच. काम सुरू करण्यापूर्वी, पियानो उघडून ठेवलेला असतानाच, हे मालकाला स्पष्ट सांगावे.