पुन्हा भिजवा, मगच वाळवा

(दृश्य: टेबलावर वॉकीटॉकी. फटींतून पाणी ठिबकतंय.)

हा वॉकीटॉकी समुद्रात पडला आणि दहा मिनिटांत बाहेर निघाला. फडक्याने पुसला तर नवा दिसेल. पण बॅटरी अजून जोडलेली आहे आणि आतला सर्किट बोर्ड खाऱ्या पाण्यात आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणून ते वीज सहज वाहून नेतं. व्होल्टेज मिळालं की धन टोकाचं तांबं विरघळतं आणि ऋण टोकाकडे जाऊन साचतं. बारीक पिना काही मिनिटांत कुरतडल्या जातात.

म्हणून आधी बॅटरी काढायची. ‘चालतोय का बघू’ म्हणून बटण दाबायचं नाही. वाचू शकणारी कितीतरी उपकरणं त्या एका दाबाने जातात. लिथियम बॅटरीत खारं पाणी शिरलं असेल तर ती वाचवू नका, चार्जही करू नका. ती काही दिवसांनंतरही पेट घेऊ शकते. उघड्यावर, जळाऊ वस्तूंपासून लांब ठेवा.

मेन्सवर, म्हणजे भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या उपकरणात प्लग काढला तरी धोका संपत नाही. २३० व्होल्टवरच्या पॉवर सप्लायमधला मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) ३०० व्होल्टच्या वर भरलेला राहू शकतो. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड वायरींनी त्याच्या टोकांना अर्धा मिनिट लावा आणि मल्टिमीटरने शून्याची खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करणं धोक्याचं आहे.

(दृश्य: बॅटरी काढलेला सेट स्वच्छ पाण्याच्या टबात बुडतो.)

आता हे दृश्य अनेकांना खटकेल. भिजलेली वस्तू पुन्हा पाण्यात कशाला? कारण सुकताना पाणी उडून जातं, मीठ मात्र तिथेच राहतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते बऱ्यापैकी कोरड्या हवेतूनही ओल ओढून घेतं. म्हणजे कोरडा वाटणारा बोर्ड आतून पुन्हा ओला होतो आणि गंज चालूच राहतो. तांदळाच्या डब्यात ठेवूनही मीठ निघत नाही. लगेच उघडायला वेळ नसेल, तर बॅटरी काढलेला सेट काही तास गोड्या पाण्यात बुडवून ठेवणं हे वाळत घालण्यापेक्षा चांगलं.

उघडल्यावर स्पीकर, माइक आणि डिस्प्ले वेगळे काढा. डिस्प्लेच्या थरांत पाणी शिरलं की डाग जात नाही, म्हणून डिस्प्ले फक्त ओल्या कापसाने पुसायचा. हार्ड डिस्क असेल तर ती ना सुकवा, ना चालू करा. ओलीच हवाबंद पिशवीत घालून डेटा रिकव्हरीवाल्यांकडे द्या.

बोर्ड तीन पाण्यांनी धुवा, शेवटचं डिस्टिल्ड. हिशेब सोपा आहे: बोर्डाला ५ मिलिलिटर पाणी चिकटलं असेल आणि टबात २ लिटर असेल, तर एका धुण्यात मिठाचं प्रमाण सुमारे ४०० पटींनी उतरतं. पण हे उघड्या भागापुरतं. आयसीच्या (चिपच्या) पोटाखालचं आणि पत्र्याच्या शील्डखालचं मीठ सावकाश बाहेर येतं, म्हणून शील्ड काढा, दर वेळी १५ मिनिटं बोर्ड पाण्यात ठेवा आणि मधूनमधून मऊ ब्रश फिरवा. हिरवी किंवा पांढरी पुटं दिसतील तिथे जास्त वेळ द्या.

आयसोप्रोपिल अल्कोहोल इथून पुढे, आधी नाही. मीठ त्यात जवळजवळ विरघळत नाही. आधी अल्कोहोल ओतलं, तर पाणी निघून जाईल आणि मीठ मागे राहील. धुऊन झाल्यावर मात्र ९९ टक्के अल्कोहोल फटींतलं उरलेलं पाणी बाहेर काढतं. ते ज्वालाग्राही आहे: खिडक्या उघड्या, ठिणगी लांब.

मग ५० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या गरम हवेत २४ ते ४८ तास. हॉट एअर गन जवळ धरून घाई केली, तर प्लॅस्टिकचे कनेक्टर वाकडे होतात.

(दृश्य: बेंच सप्लाय, म्हणजे व्होल्टेज आणि करंटची मर्यादा ठरवता येणारा वीजपुरवठा. करंट लिमिटचा नॉब खाली येतो.)

वीज देण्याआधी पुरवठ्याच्या दोन टोकांमधला रोध मोजा. जवळजवळ शून्य असेल, तर शॉर्ट आहे. ठीक असेल, तर बॅटरीऐवजी बेंच सप्लाय जोडून लिमिट २०० मिलिअँपिअरवर ठेवा. व्होल्टेज कोसळलं की पुढे जाऊ नका. पुरवठा त्याच लिमिटवर ठेवून बोर्डावर अल्कोहोलचा पातळ थर द्या; जिथे तो सर्वांत आधी उडतो, तो भाग तापतोय. मेन्सच्या उपकरणाला सिरीज बल्ब (विजेच्या वाटेत ओळीने जोडलेला फिलामेंटचा बल्ब) लावा: क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, पूर्ण पेटून राहिला तर आत शॉर्ट.

सेट बोलू लागला, तरी दोन आठवड्यांनी एकदा उघडा. शील्डच्या कडेला किंवा कनेक्टरच्या पिनांवर नवी पांढरी भुकटी दिसली, तर मीठ उरलंय. बॅटरी काढा आणि पहिल्या पाण्यापासून सुरुवात करा.