फॉर्ममागे पैसे लावू नका

सोलापुरातून, बायकांच्या घरून फोनवरचं सर्वेक्षण चालवायचं म्हटलं की पहिली चर्चा लॅपटॉप आणि हेडफोनची होते. ती खरेदी एका दुपारी उरकते. मी मोबदल्याबद्दल बोलणार आहे, कारण घोळ तिथे होतो.

आपल्या गावाला घरबसल्या कामाची जुनी सवय. पान, तंबाखू, दोरा आणायचा, विड्या वळायच्या, मजुरी हजारामागे. तपासताना छाट, म्हणजे नापास विड्या, निघाली की तेवढं गेलं. १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा आला, शहराजवळच्या कुंभारीला विडी कामगार बायकांची १०,००० घरांची वसाहत झाली, हिशेब मात्र हजाराचाच राहिला. त्यामुळे सर्वेक्षण आलं की काम देणाराही विचारतो आणि घेणारीही विचारते, ‘भरलेल्या फॉर्ममागे किती?’

आता यादीतला एखादा यंत्रमाग कामगार घ्या. सकाळी अकराला फोन लावला, वाजून बंद झाला. तो पाळीवर, मागांच्या खडखडाटात रिंग कुठली ऐकू येणार? दुपारी पुन्हा तेच. फॉर्ममागे पैसे मिळणारी बाई तिसऱ्यांदा कशाला लावेल? ती पुढचा नंबर घेते, आणि तिच्या जागी मीही तेच केलं असतं. बायकांचंही तसंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के बायकांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. बाकीच्यांना गाठायचं तर नवरा किंवा मुलगा घरी येईपर्यंत थांबायला हवं. कोणी थांबलंच नाही, तर हाती उरतात सवड असलेल्यांची उत्तरं, आणि अहवालात छापून येतं, ‘सोलापूरकर म्हणतात...’

म्हणून तासावर पैसे द्या. प्रत्येक नंबरापुढे नोंद हवी: उचलला नाही, बंद, राँग नंबर, नंतर करा, नकार. वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या वेळी लावून झाल्याशिवाय नंबर सोडायचा नाही. संध्याकाळचा तास स्वयंपाकाचा असतो. तो मागायचा तर दरही जास्त द्या.

समोरच्याची परवानगी घेऊन कॉल रेकॉर्ड करा आणि त्यातले काही खरोखर ऐका. ‘गेल्या सात दिवसांत एक तास तरी काम केलंत का?’ ‘काय नाही, घरीच असते की.’ आणि मागे पान कापणाऱ्या कात्रीची कचकच! मुलाखत घेणारीनं प्रश्न लिहिल्याबरहुकूम वाचला, उत्तर आलं तसं टिपलं. तिला बोलून उपयोग नाही. ‘घरी बसून विड्या, शिलाई, असं काही?’ हे प्रश्नातच लिहा, म्हणजे सगळ्याजणी सारखंच विचारतील. शहराच्या पूर्व भागासाठी तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, हीही भाषांतरं आधी लिहून द्या. ऐन वेळी जिची तिनं केली तर प्रश्नही जिचा तिचा होतो.

आणखी एक. नंबर मुलाखत घेणारीच्या स्वतःच्या मोबाइलवर दिसू देऊ नका, कॉल सिस्टीममधूनच लागू द्या. तरीही कधी आवाजावरून ओळख पटते, पलीकडे गल्लीतलीच वहिनी निघते. तिला मजुरी, कर्ज, नवऱ्याची दारू विचारायची नाही. तिथेच थांबायचं आणि तो नंबर दुसऱ्या भागातल्या मुलीकडे द्यायचा.