प्रौढांच्या वर्गातील पहिली दहा मिनिटे

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईत दिवसभराचे काम आटोपून रात्रशाळेत किंवा साक्षरता वर्गात येणारी मंडळी आणि साहेबांनी पाठवले म्हणून प्रशिक्षणाला आलेले कर्मचारी सुरुवातीला सारखेच गप्प असतात. अनेक वर्षांनी बाकावर बसलेल्या माणसाला चारचौघांत आपले हसे होईल, ही धास्ती असते. ती घालवण्यासाठी आइसब्रेकर, म्हणजे सुरुवातीचा संकोच मोडणारे छोटे उपक्रम, घेतले जातात आणि ते घ्यायलाच हवेत. मात्र त्या नावाखाली टाळ्या वाजवायला, नाचायला किंवा प्राण्यांचे आवाज काढायला लावले, तर पन्नाशीच्या माणसाचा संकोच कमी होण्याऐवजी वाढतो.

सर्वांत रुळलेला प्रकार म्हणजे एका टोकापासून प्रत्येकाने उभे राहून आपली ओळख सांगणे. माल्कम ब्रेनर या मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवून दिले की, आपली पाळी येण्याच्या अगदी आधी जो बोलतो त्याचे बोलणे माणसाला फारसे आठवत नाही. मनात स्वतःच्या वाक्यांची जुळवाजुळव चाललेली असताना शेजाऱ्याकडे लक्ष राहणार तरी कसे? शिवाय पूर्ण नाव आणि हुद्दा सांगायला लावला की आडनावावरून जात ताडली जाते, हुद्द्यावरून पायरी ठरते आणि शिपाई साहेबांसमोर तोंड उघडेनासा होतो. म्हणून सुरुवातीला एवढेच विचारावे, की तुम्हाला इथे कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल.

त्यानंतर जोड्या कराव्यात. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत विद्यार्थी आधी स्वतःशी विचार करतो, मग जोडीदाराशी बोलतो आणि शेवटी सर्वांसमोर मांडतो. प्रौढांना ही पद्धत विशेष मानवते, कारण तीस जणांसमोर बोलण्याआधी एका माणसापुढे आपले म्हणणे पडताळून पाहता येते.

साक्षरता वर्गात पहिल्या दिवशी प्रत्येकीला घरातला एखादा कागद आणायला सांगावा. कोणी विजेचे बिल आणते, कोणी रेशनकार्ड, कोणी गॅसची पावती. दोघींनी आपापल्या कागदावर ओळखीचे काय दिसते ते एकमेकींना बोटाने दाखवायचे. जिला अक्षर येत नाही तिलाही आकडे बहुधा ओळखता येतात. बिलावरची रक्कम कोणती आणि ती कधीपर्यंत भरायची, हे ती शेजारणीला समजावते, आणि शेजारीण नावाचे पहिले अक्षर दाखवते. शिक्षिकेला न विचारताच कळते, की कोणाला कुठून शिकवायचे आहे. याच वर्गात नावाच्या चिठ्ठ्या वाचण्याचा खेळ घेणे म्हणजे ज्या उणिवेपायी ती बाई इथे आली, तीच सर्वांसमोर उघडी करणे होय.

कामाच्या ठिकाणीही उपक्रम त्या दिवशीच्या विषयातूनच निघावा. रुग्णालयातील कचऱ्याच्या वर्गीकरणाचे प्रशिक्षण असेल, तर टेबलावर सलाइनची न वापरलेली प्लास्टिकची बाटली, बंद वेष्टनातली सुई आणि काचेची कुपी ठेवावी. वापरानंतर कोणती वस्तू लाल पिशवीत, कोणती पांढऱ्या डब्यात आणि कोणती निळ्या रंगाच्या डब्यात जाईल, हे एका आयाबाईंनी आणि एका परिचारिकेने मिळून ठरवावे. रोजचा कचरा हाताळणाऱ्या आयाबाईंचे म्हणणे इथे वरिष्ठांना ऐकून घ्यावेच लागते, आणि त्या बाईंचा पुढचा सगळा दिवस बदलतो.

दोन तासांच्या वर्गात यासाठी दहा मिनिटे पुरेशी आहेत. गाडी उशिरा आल्यामुळे कोणी मागाहून आले, तर त्यांना एखाद्या जोडीत तिसरे म्हणून बसवावे, दारातच ओळख विचारू नये. ज्यांना सर्वांसमोर बोलायचे नसेल, त्यांचे म्हणणे जोडीदाराने सांगितले तरी चालते. प्रशिक्षकानेही एखाद्या जोडीत बसून तेच काम करावे.