बेस्लरचं चाक आणि त्याचे साक्षीदार

मंडळी, निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे उगाच कोणी जीव मुठीत धरून बसायला नको. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या योहान बेस्लरनं, बाहेरून बळ न घेता कायम फिरत राहणारं चाक केल्याचा दावा केला होता. ते चाक आपोआप फिरत नव्हतं. मेयर, ज्यूल आणि हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञांनी १८४० च्या दशकात ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम, म्हणजे ऊर्जा शून्यातून निर्माण होत नाही हा नियम, उभा केला, आणि त्यानंतर या बाबतीत वादाला जागाच उरली नाही. पण तो नियम आपल्याला एवढंच सांगतो की चाकाला कुठून तरी बळ मिळत होतं. कुठून मिळत होतं, कोण देत होतं, हे त्यातून कळत नाही. ते कागदपत्रांतच शोधावं लागतं, आणि तिथे गंमत अशी आहे की सगळ्यात भारदस्त कागद सगळ्यात कमी सांगतात.

बेस्लर हा सॅक्सनीतला. ‘ओर्फीरेउस’ हे नाव त्यानं स्वतःच घेतलेलं, तेही आपल्या आडनावाची अक्षरं सांकेतिक पद्धतीनं बदलून. लपवाछपवीची हौस पहिल्यापासूनच म्हणायची! १७१२ साली गेरा गावात त्यानं पहिलं चाक दाखवलं. मग द्राशविट्झला एक, मेर्सेबुर्गला एक, अशी चाकं वाढत गेली. द्राशविट्झचं चाक पाहायला खुद्द लाइबनिट्झ, त्या काळचा नामांकित गणिती आणि तत्त्वज्ञ, गेला होता. शेवटी हेस-कासेल या जर्मन संस्थानाचा अधिपती कार्ल यानं त्याला आश्रय दिला आणि कासेलच्या वाइसेनश्टाइन वाड्यात चौथं चाक उभं राहिलं. व्यास १२ फूट, वरून मेणकापड ताणलेलं, म्हणजे आत काय आहे ते दिसायचं नाही. बोटांनी जरासं ढकललं की आत वजनं पडल्याचा आवाज यायचा आणि चाक वेग घेत मिनिटाला सुमारे २६ फेऱ्यांवर जायचं. आतली रचना पाहायला मिळाली ती एकट्या कार्लला, आणि गुपित फोडायचं नाही असा करार होता.

इथे आपल्या भास्कराचार्यांचं नाव कोणीतरी घेणार, म्हणून मीच घेतो. ११५० च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त, पोकळ आऱ्यांत निम्मा पारा भरून स्वतः फिरणाऱ्या चाकाचं वर्णन आहे. भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला आहे, त्यामुळे आपल्याला त्या चाकाचं जरा जास्तच कौतुक. पण तो आहे श्लोक. हे चाक मी फिरताना पाहिलं, असं तिथे कोणी सही करून म्हणत नाही. कासेलला सह्या आहेत, शिक्के आहेत, तारखा आहेत. साक्षीपुरावा तपासायचा तर कासेललाच जायला हवं.

तर १२ नोव्हेंबर १७१७ ला चाक फिरतं ठेवून खोली बंद केली. दारं-खिडक्यांना मोहोर लावली. दोन आठवड्यांनी मोहोर फोडली, चाक फिरतंच होतं. पुन्हा बंद केली. ४ जानेवारी १७१८ ला उघडली, तरीही फिरत होतं. पहिला आणि शेवटचा दिवस धरून ५४ दिवस. ‘बेस्लरचं चाक ५४ दिवस अखंड फिरलं’ हे वाक्य तिथून निघालं आणि आजतागायत छापलं जातंय. आता हा कागद नीट वाचा. खोली बंद करताना चाक फिरत होतं आणि उघडताना फिरत होतं, एवढंच साक्षीदारांनी पाहिलं. मधल्या रात्री ते फिरत होतं की थांबलं होतं, हे कोणीच पाहिलेलं नाही, कारण खोलीला मोहोर होती! म्हणजे ज्या बंदोबस्तामुळे चाचणी कडक वाटते, त्याच बंदोबस्तानं साक्षीदारांनाही बाहेर ठेवलं. शिवाय मोहोर चाकाच्या खोलीला होती. शेजारच्या खोलीचं काय?

१७२१ मध्ये हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठाचा प्राध्यापक विलेम ग्राव्हेसांडे आला. हा माणूस भोळा मुळीच नव्हता, प्रयोगात मुरलेला होता. त्यानं चाकाचा आस बाहेरून तपासला, आसाची टोकं ज्यांत फिरतात ते बेअरिंग पाहिले, आणि बाहेरून बळ येण्याची वाट दिसत नाही असं न्यूटनला कळवलं. ही साक्ष मी हलकी मानत नाही. पण ग्राव्हेसांडेला त्या काळात चिरगती यंत्र, म्हणजे बळ न देता कायम चालणारं यंत्र, मुळात अशक्य वाटत नव्हतं, हे लक्षात ठेवायला हवं. फसवणूक शोधायला निघालेला माणूस आणि शक्यता तपासायला निघालेला माणूस एकच आस पाहतात, पण दोघं वेगवेगळ्या जागी बोट लावतात. त्याच्या तपासणीनंतर बेस्लरनं चिडून चाक स्वतःच फोडलं, आणि दोष ग्राव्हेसांडेच्या आगाऊ कुतूहलाला दिला.

आणि मग १७२७ मध्ये बेस्लरच्या घरची मोलकरीण बोलली. आने रोझिने मौअर्सबेर्गिन. तिनं सांगितलं की चाक शेजारच्या झोपायच्या खोलीतून हातानं फिरवलं जायचं. कधी बेस्लर फिरवायचा, कधी त्याची बायको, कधी भाऊ, कधी ती स्वतः. चाकाचे खांब पोकळ होते, आत लोखंडाची बारीक सळई होती आणि ती आसाच्या टोकाला अडकवलेली होती. ग्राव्हेसांडेनं पुढे एका पत्रात ही साक्ष झटकून टाकली. बेस्लर वेडा आहे हे त्याला मान्य, ठग आहे हे मात्र नाही. आणि यंत्राबद्दल मोलकरणीच्या सांगण्याला तो फारशी किंमत द्यायला तयार नव्हता.

मला हे पटत नाही. यंत्रशास्त्र तिला कोणी विचारलंच नव्हतं. रोज हातानं काय करत होतीस, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर द्यायला लायडनची पदवी लागत नाही. आता तिच्या साक्षीतही खोट काढता येईल. ती नोकरी सोडून गेलेली होती, राग असू शकतो. शिवाय बोर्लाख नावाच्या टीकाकारानं १७१६ मध्येच एक चित्र छापलं होतं, त्यात शेजारच्या खोलीत बसलेला माणूस दोरी ओढून चाक फिरवतोय. तिनं तेच उचललं असेल का? पण चित्रात दोरी आहे आणि ती पोकळ खांब नि सळई सांगते. ऐकीव गोष्ट सांगणारा सहसा दोरीच सांगतो.

एक अडचण उरते, ती झाकून ठेवत नाही. ग्राव्हेसांडेनं बेअरिंग उघडे पाहिले होते, तर सळईचं टोक त्याला दिसलं कसं नाही? तपासणीपुरती ती काढून ठेवली असेल का, आणि तसं असेल तर त्याच्या डोळ्यांदेखत चाक किती वेळ फिरलं? मेर्सेबुर्गला १७१५ मध्ये चाक एका आधारावरून दुसऱ्या आधारावर हलवून दाखवलं, तेव्हाही हाच प्रश्न येतो: दुसरे खांब कोणी घडवले होते? तिथे जमलेल्या बड्या मंडळींचं लक्ष चाकावर होतं. खांब ठोकून पाहिल्याची नोंद माझ्या वाचनात आलेली नाही. तरीही या सगळ्या साक्षींतून एकच निवडायची झाली, तर मी मौअर्सबेर्गिनची निवडेन, कारण बाकीचे सगळे चाक फिरत होतं असं सांगतात आणि कसं फिरत होतं हे ती एकटीच सांगते.