ऊसबिलाआधी येणारी फी

कोल्हापूरच्या दसरा चौकात राजर्षी शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी उभे राहिले, की जुन्या बोर्डिंगची आठवण झाल्यावाचून राहत नाही. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे या शहरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहत गेली. खेड्यातल्या मुलाचे शिक्षण फीइतकेच, किंबहुना फीपेक्षाही जास्त, शहरात राहायचे कुठे आणि जेवायचे काय या प्रश्नापाशी अडते, हे महाराजांनी ओळखले होते. आजही बारावीचा निकाल हाती आला, की घरोघरी कॉलेजच्या फीचे आकडे विचारले जातात आणि राहण्या-जेवणाचा खर्च मात्र प्रवेश झाल्यावरच ध्यानात येतो.

कागल तालुक्यातल्या एका घरी, सोप्यात बसून, इंजिनिअरिंगला जाऊ पाहणाऱ्या मुलीने शंभरपानी वहीत रकाने आखले आहेत. शिक्षण शुल्क, विकास शुल्क, वसतिगृह, मेस, प्रवास आणि शेवटी चार वर्षांची बेरीज. वडील पुण्यातल्या एका कॉलेजच्या कमी फीवर बोट ठेवतात, तेव्हा ती शांतपणे विचारते, “आबा, खोलीभाडं धरलंय का यात?” त्यांनी ते धरलेले नसते. त्यांच्या मनात आणखी एक काळजी असते. कॉलेजची फी पावसाळ्यात भरावी लागते आणि उसाचा गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, त्यामुळे कारखान्याचे बिल हाती येईपर्यंतचे महिने कसे निभवायचे, हा या घरातला खरा प्रश्न आहे. तो मुलीसमोर मोकळेपणाने मांडला गेला, हे आम्हांला फार मोलाचे वाटते, कारण घरची ओढाताण ठाऊक असलेले मूल कॉलेज अधिक डोळसपणे निवडते.

सवलतींच्या बाबतीत मात्र एक गोष्ट आधीच नीट समजून घ्यायला हवी. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून राज्य शासन पूर्णपणे भरते. परंतु त्यासाठी प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच, झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून, म्हणजे कॉलेज स्वतः भरते त्या जागांपैकी, जागा घेतली किंवा खासगी अभिमत विद्यापीठात प्रवेश घेतला, तर ही सवलत मिळत नाही. एजंटाच्या भरवशावर घाईने जागा पक्की करणाऱ्या पालकांना हे बहुधा कोणी सांगत नाही, आणि एका सहीने चार वर्षांची सवलत हातची जाते. सवलत मिळाली तरी मेस आणि खोलीभाडे उरतेच. वसतिगृहात राहणाऱ्या पात्र विद्यार्थ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, आणि तिचा अर्जही महाडीबीटी या राज्य शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवरच भरायचा असतो. उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न पाहता आधीच काढून ठेवलेला बरा.

घरातून ये-जा करता येत असेल, तर हिशेब पुष्कळच बदलतो. एसटीच्या विद्यार्थी पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे आणि सकाळच्या गाडीने कोल्हापूर गाठणारी मुले या भागात गावोगावी आहेत. दूरच्या शहराचे नाव मोठे वाटते, पण त्या शाखेची प्रयोगशाळा कशी आहे, शिक्षक पूर्णवेळ आहेत का आणि मागच्या वर्षीच्या मुलांना नोकऱ्या कुठे लागल्या, हे कॉलेजात स्वतः जाऊन, तिथल्याच विद्यार्थ्यांना विचारल्याशिवाय कळत नाही. या मुलीने दोन कॉलेजांत जाऊन तसे विचारले आणि उत्तरे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली.

कॅप राउंडसाठी कॉलेजांचा पसंतीक्रम ज्यात भरतात, त्या ऑप्शन फॉर्ममध्ये पहिल्या क्रमांकाला लिहिलेले कॉलेज मिळाले, की ते स्वीकारावेच लागते, म्हणून जे परवडणार नाही ते नाव पहिले लिहून चालत नाही. फॉर्म भरायला अजून चार दिवस आहेत. मुलगी शेवटच्या रकान्यातली बेरीज पुन्हा एकदा तपासते, वही वडिलांपुढे सरकवते आणि पेन्सिलीने क्रमांक घालू लागते.