साहेब गावात गेले होते तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय केमिकल कंपनीतल्या केमिस्ट्री डिपार्टमेंटच्या हेडबद्दल. म्हणाल, हा काय विषय झाला! पण आईच्या ट्रंकेत एखादी जुनी नायलॉनची साडी असेल बघा, धुतली की पंख्याखाली लगेच वाळायची आणि मे महिन्यात अंगाला चिकटून जीव नकोसा करायची, तर त्या साडीमागे असे दोन हेडसाहेब आहेत. नावं लक्षात ठेवा, चार्ल्स स्टाइन आणि एल्मर बोल्टन. कंपनी ड्यूपॉन्ट, गाव विल्मिंग्टन, अमेरिकेतलं डेलावेअर राज्य.

आधी स्टाइनसाहेब. १९२६ च्या डिसेंबरात त्यांनी वरच्यांकडे मागणी केली की ज्यातून लगेच काही विकता येणार नाही असं संशोधन करायला पैसे द्या. दारूगोळा आणि रंग बनवणारी कंपनी ती, तिथे हे मागायचं म्हणजे छातीच पाहिजे. पण पैसे मिळाले, नवी लॅब झाली, बाकीचे केमिस्ट तिला चेष्टेने प्युरिटी हॉल म्हणायचे, सोवळ्यातली लॅब म्हणा ना. मग हार्वर्डला शिकवणारा वॉलेस कॅरोदर्स हेरला. तो आधी नाहीच म्हणाला, त्याला निराशेचे झटके यायचे आणि ते त्याने कंपनीपासून लपवलंही नाही, तरी जवळजवळ दुप्पट पगार देऊन १९२८ च्या फेब्रुवारीत त्याला आणला आणि सांगितलं, विषय तुझा तू निवड. त्याने निवडले लांबच लांब रेणू, म्हणजे पॉलिमर.

हल्लीचे हेड बघा, सकाळी ऑडिट, दुपारी मीटिंग, संध्याकाळी प्रेझेंटेशन, लॅबचा दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो ते विचारावं लागेल. असो.

आता माझी आवडती गोष्ट, आमच्या घरच्यांना ती पाठ झालीय. १९३० चा एप्रिल. कॅरोदर्सच्या हाताखाली ज्युलियन हिल नावाचा पंचविशीतला केमिस्ट. त्याच्याकडे भांड्यात पॉलिएस्टर होतं, अडचण अशी की ही रिऍक्शन होताना पाणी तयार होतं आणि ते पाणी तिथेच राहिलं की रेणूची साखळी वाढायची थांबते. म्हणून त्याने जबरदस्त व्हॅक्यूममध्ये तापवून तापवून ते पाणी काढलं, खूप वेळ, चिकाटीने, आणि शेवटी तळाला जे चिवट उरलं त्यात काचेची कांडी बुडवून वर उचलली. तर कांडीबरोबर तारच यायला लागली! गुळाच्या पाकाची येते ना, तशी. पण पाकाची तार गार झाली की कट्कन तुटते. ही तुटेना. गार झाल्यावर ओढली तर आणखी लांब व्हायला लागली, आणि ओढल्यावर कमजोर व्हायच्याऐवजी मजबूत झाली, वर चकाकायला लागली रेशमासारखी. परत सांगतो, गार झाल्यावर ओढली आणि मजबूत झाली, सगळी मेख इथे आहे. आत वेडेवाकडे पडलेले रेणू ओढल्यामुळे एका दिशेने शेजारी शेजारी लागतात आणि एकमेकांना धरून ठेवतात.

मग एक दिवस कॅरोदर्स कामासाठी गावात गेलेला. साहेब नाहीत म्हटल्यावर पोरांना चेव आला, पैज अशी की ही तार ताणून ताणून किती लांब जाते. कांडीला गोळा लावला आणि धावले की पॅसेजमधून! शिकलेसवरलेले, डॉक्टरेट झालेले बाप्ये, हातात चकाकणारा धागा आणि पॅसेजभर पळापळ. मला विचाराल तर डिपार्टमेंट नीट चाललंय का ते अशा वेळी कळतं, साहेब नसताना पोरं कॅन्टीनला जातात की पॅसेजमध्ये धागा घेऊन पळतात. आणि आता आपल्याकडे सगळ्यांना कॉम्प्युटरच पाहिजे, केमिस्ट्रीला ऍडमिशन घेतली तर नातेवाईक विचारतात, कमी पडले का मार्क? जाऊ दे.

पण या धाग्यात खोट होती. उकळत्या पाण्यात घातला की वितळायचा. म्हणजे चादर भट्टीला दिली की चादरच गेली! कॅरोदर्सने तो नाद सोडला.

आणि इथे दुसरे साहेब. १९३० मध्येच स्टाइन वर गेले, म्हणजे प्रमोशनने, आणि बोल्टन हेड झाले. बोल्टन पैशाला पक्के, काही वर्षांनी त्यांनी कॅरोदर्सला परत धाग्याकडे वळवलं. आता पॉलिएस्टरऐवजी पॉलिअमाइड, म्हणजे दुसऱ्या जातीचं पॉलिमर, सहजी न वितळणारं. १९३५ मध्ये दोन उमेदवार उरले. कॅरोदर्सचा कल पाच-दहाकडे, म्हणजे ज्याच्या एका भागात पाच कार्बन आणि दुसऱ्यात दहा, कारण त्याचा धागा काढायला सोपा. पण त्यातलं दहा कार्बनवालं सेबॅसिक ऍसिड यायचं एरंडेलातून. हो, आपलं आजीचं एरंडेल. बोल्टन म्हणाले नको, एरंडेल महाग, आणि गावोगावचे मोजे बनवायला एवढं आणणार कुठून? सहा-सहा घ्या (हेच पुढे नायलॉन झालं), त्याचे दोन्ही भाग बेंझिनपासून होतात आणि बेंझिन कोळशातून मिळतं. गंमत म्हणजे त्यातलं हेक्सामिथिलीन डायअमीन तेव्हा बाजारात मिळतच नव्हतं, लॅबमध्ये थोडंथोडं करायचे. तरी त्यांनी तेच धरलं आणि ते मोठ्या प्रमाणावर बनवायची पद्धत कंपनीला शोधून काढायला लावली. हेडचं काम हे, श्रोतेहो. माल कुठून येणार आणि केवढ्याला पडणार, हे दोन प्रश्न हुशार केमिस्टला पुन्हा पुन्हा विचारायचे, त्याला राग आला तरी.

कॅरोदर्सने २९ एप्रिल १९३७ ला, एक्केचाळिसाव्या वर्षी, आयुष्य संपवलं. पुढच्या वर्षी २७ ऑक्टोबरला स्टाइनसाहेबांनी नायलॉनची घोषणा केली ती शास्त्रज्ञांच्या सभेत नाही, न्यूयॉर्कला हजारो बायकांसमोर, कारण मोजे घेणार त्याच होत्या. १५ मे १९४० ला मोजे देशभर दुकानांत आले आणि रांगा लागल्या.

त्याच १९३० च्या एप्रिलमध्ये कॅरोदर्सच्याच हाताखाली कृत्रिम रबरही सापडलं होतं, निओप्रीन, पण ते राहिलं पुढच्या वेळी, आज वेळ संपली. नमस्कार.