न झाडलेली गोळी

मंडळी, मला जपानी येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या महायुद्धातल्या आपल्या जबाबदारीकडे वळून बघणाऱ्या ज्या जपानी लेखकांविषयी आज बोलणार आहे, त्यांना मी इंग्रजीतूनच भेटलोय, आणि अनुवादात काय काय सांडतं हे तुम्हाला मी सांगायला नको. तरी बोलायचं धाडस करतोय, कारण यांतल्या एका लेखकाने आपल्या आयुष्यातल्या एका मिनिटाबद्दल जे लिहिलंय ते कित्येक वर्षं माझ्या डोक्यातून जात नाही. त्या मिनिटाकडे येईनच. जरा वळसा घालून येतो.

इतामी मान्साकु नावाचे एक चित्रपट दिग्दर्शक होते. पुढे नोबेल मिळालेले ओए केन्झाबुरो हे त्यांचे जावई, पण ते लग्न बघायला इतामी उरले नाहीत. १९४६ साली ते क्षयाने अंथरुणाला खिळले होते. त्या अवस्थेत त्यांनी युद्धाच्या जबाबदारीवर एक छोटा लेख लिहिला आणि सप्टेंबरात ते गेले. लेखाची सुरुवातच अशी की, या युद्धात आपण फसवले गेलो असं पुष्कळ लोक म्हणतात. पण ‘मी फसवलं’ असं म्हणणारा एकही माणूस मला अजून भेटलेला नाही. सामान्य माणूस म्हणतो, लष्कराने आणि सरकारी अधिकाऱ्यांनी फसवलं. त्यांना विचारा, ते वर बोट दाखवतील. वरच्यांना विचारा, ते आणखी वर. मग हिशेबाला उरणार एक-दोन माणसं. आता एक-दोन माणसं कोट्यवधींना फसवू शकतील का? इतामी पुढे म्हणतात, फसणं हासुद्धा गुन्हा आहे. जो समाज ‘फसलो बुवा’ म्हणून निवांत बसतो, तो पुन्हा फसेल.

लेखक-कवींना ‘फसलो’ म्हणायची सोय तशी कमीच होती, कारण त्यांचा पुरावा छापील होता. १९४२ मध्ये साहित्यिकांची एक देशभक्त संघटना सरकारच्या पाठिंब्याने उभी राहिली आणि बहुतेक नामवंत तिच्यात गेले. कुणी भीतीने, कुणी हौसेने, कुणी सगळे गेले म्हणून. तिच्या काव्यविभागाचे प्रमुख होते ताकामुरा कोतारो.

ताकामुरांचा जन्म १८८३ चा. वडील नावाजलेले शिल्पकार, हे स्वतःही शिल्पकार. तरुणपणी न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस करून आलेले, म्हणजे आपल्याकडे ‘पुढारलेला’ म्हणतात तसा माणूस. पत्नी चिएको मानसिक आजाराने खचत गेली आणि १९३८ मध्ये वारली. तिच्यावरच्या कवितांचा संग्रह १९४१ साली आला. तो आजही वाचला जातो. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पर्ल हार्बर झालं आणि प्रेमाचा हा कवी युद्धाचा भाट झाला. भाट हा शब्द मी जाणून वापरतोय. भाट खोटारडा असतोच असं नाही. पुष्कळदा त्याचा स्वतःच्या पोवाड्यावर विश्वास असतो, आणि खरा धोका तिथेच असतो.

एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात त्यांचा तोक्योतला स्टुडिओ जळाला. ते उत्तरेला हानामाकी गावी मियाझावा केन्जी या दिवंगत कवीच्या घरच्यांकडे राहायला गेले. ऑगस्टमध्ये तेही घर जळालं. मग शरणागती आली. त्यानंतर बासष्ट वर्षांचा हा माणूस गावापासून दूर, डोंगराच्या पायथ्याशी एका खोपटात जाऊन राहिला. एक-दोन महिने नाही, सात वर्षं. हिवाळ्यात फटींतून बर्फ आत येऊन पांघरुणावर साचायचं. त्यांना कुठल्या न्यायालयाने शिक्षा दिली नव्हती. जाणकार सांगतात की त्या काळात त्यांनी शिल्पाला हात लावला नाही. हाताची कला बंद, हीच शिक्षा.

तिथे असताना, १९४७ साली, त्यांनी वीस कवितांची एक मालिका छापली. तिचं नाव मराठीत ‘एका मूढाचं छोटं चरित्र’ असं करता येईल. बालपणापासून सुरुवात आहे. आजोबा, वडील, घरात भिनलेली राजनिष्ठा. मग पॅरिस, मग बंड, मग पर्ल हार्बरचा दिवस: बातमी कानावर पडते आणि एकच विचार मनाचा ताबा घेतो, की सम्राट संकटात आहेत. त्या क्षणी लहानपणचे आजोबा, आई, वडील सगळे मनात येऊन उभे राहतात आणि पॅरिसमध्ये शिकलेलं काही कामाला येत नाही. कविता प्रांजळ आहेत, यात शंका नाही. पण मला त्या वाचताना एक खटका लागतो. ‘मी असा का झालो’ हे सांगायला बालपणापासून सुरुवात केली की अर्ध्या वाटेवर स्पष्टीकरणाचं माफीनाम्यात रूपांतर होतं. सगळं घडणारच होतं, मग मी तरी काय करणार? जपानी टीकाकारांनीही ही मालिका सुखासुखी सोडली नाही.

याच सुमाराची त्यांची आणखी एक कविता आहे, जी त्यांनी या मालिकेत घेतली नाही. घराच्या चहूबाजूंना बॉम्ब पडताहेत. विजेच्या तारेवर एका बाईची मांडी लोंबतेय. मृत्यूच्या भीतीतून स्वतःला सोडवण्यासाठी मी जिवाच्या आकांताने एक कविता लिहिली. ती आघाडीवरच्या माझ्या बांधवांनी वाचली आणि वाचून ते मृत्यूला सामोरे गेले. एका पाणबुडीच्या कप्तानाने घरी कळवलं होतं की ही कविता मी रोज वाचतो. पुढे तो पाणबुडीसकट बुडाला. मी सारांश सांगितला, पण कवितेत याहून फार जास्त नाही. बालपण नाही, आजोबा नाहीत. फक्त हे की, माझी भीती घालवायला मी लिहिलं आणि मेला दुसरा. मला त्या वीस कवितांपेक्षा ही बाजूला राहिलेली एक मोठी वाटते.

आता तुमच्यातल्या अनेकांनी जे पुस्तक वाचलं असेल त्याकडे वळतो. काझुओ इशिगुरोंची १९८६ ची कादंबरी ‘ॲन आर्टिस्ट ऑफ द फ्लोटिंग वर्ल्ड’, वृद्ध चित्रकार ओनोची. ती जपानी साहित्यात मोडत नाही. लेखक पाच वर्षांचा असताना नागासाकीहून इंग्लंडला गेला आणि लिहिलं इंग्रजीत. पण पश्चात्तापातली एक गोम तिने पकडलीय, म्हणून तिला बोलावतो. ओनोने युद्धाच्या काळात प्रचारचित्रं काढली आणि स्वतःच्याच एका शिष्याविरुद्ध चुगली केली. आता धाकट्या मुलीचं लग्न जमवायचंय. बघण्याच्या कार्यक्रमात, जेवणाच्या टेबलावर, कुणी विचारलेलं नसताना हे गृहस्थ कबुली देऊन टाकतात की माझ्या हातून चुका झाल्या, माझ्यासारख्यांमुळे देशाचं वाटोळं झालं. आणि मग हलकं वाटल्यासारखे बसतात. पुढे थोरली मुलगी बापाला नरमाईने सांगते, बाबा, तुम्ही एक चित्रकार होतात, फार मोठं काही केलंत असं समजायचं कारण नाही. बापाला ते कबुलीपेक्षाही जड जातं. कारण ‘मी अपराधी’ म्हणण्यात ‘मी महत्त्वाचा होतो’ हे आलंच. पश्चात्ताप करतानाही माणूस आपल्या नावाची पाटी पुसून स्वच्छ करत असतो. (हशा) हसू नका, आपल्याकडच्या आत्मचरित्रांत शोधा, ओनो खंडीभर सापडतील.

तुकोबांचा एक अभंग आहे, ‘अनुतापें दोष । जाय न लगतां निमिष’. निमिषात दोष जातो म्हटल्यावर आपण खूश होतो आणि पुढची ओळ वाचत नाही. पुढे अट आहे: ‘परि तो राहे विसावला । आदीं अवसानीं भला’. तो अनुताप सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिकला पाहिजे. जेवणाच्या टेबलावर आला आणि गोड पदार्थाबरोबर गेला, तो चालत नाही.

टिकणंही सोपं नसतं. हिनो आशिहेई हे चीनच्या आघाडीवर शिपाई असतानाच आकुतागावा हे जपानमधलं मानाचं साहित्य पारितोषिक मिळालेले लेखक. त्यांचं १९३८ चं ‘गहू आणि शिपाई’ दहा लाखांहून जास्त खपलं. युद्धानंतर काही वर्षं त्यांच्यावर बंदी आली. उठली, पुन्हा ते लोकप्रिय झाले, शेवटी स्वतःच्या जबाबदारीवर एक कादंबरी लिहिली. जानेवारी १९६० मध्ये ते गेले. तो मृत्यू आत्महत्या होती हे घरच्यांनी १९७२ साली उघड केलं. यावर मी जास्त बोलणार नाही.

आता ते मिनिट.

ओओका शोहेई. फ्रेंच कादंबरीकार स्तांदालचे अभ्यासक आणि अनुवादक. १९४४ मध्ये, पस्तिशीत, बायको-मुलं असताना सैन्यात ओढले गेले आणि फिलिपीन्समधल्या मिंडोरो बेटावर पाठवले गेले. जानेवारी १९४५ मध्ये अमेरिकन फौजा चालून आल्या तेव्हा ते मलेरियाने फणफणले होते. तुकडी पांगली आणि हे एकटे डोंगरउतारावर गवतात पडून राहिले. तहानेने जीव कासावीस. तेवढ्यात समोरच्या मोकळ्या जागेत एक अमेरिकन शिपाई आला. वीसेक वर्षांचा, गालांवर लाली, एकटा, बेसावध, सरळ यांच्याच दिशेने चालत. ओओकांच्या हातात रायफल होती आणि तिची सेफ्टी, म्हणजे गोळी अडवून धरणारा खटका, त्यांच्या हाताने आपोआप काढली होती. मग दुसरीकडे कुठेतरी गोळीबाराचा आवाज झाला. पोरगा तिकडे वळला आणि निघून गेला.

एवढीच घटना. गोळी झाडली नाही. पुढे त्यांनी हातबॉम्बने जीव द्यायचा प्रयत्न केला, तो फुटलाच नाही. बेशुद्ध पडले आणि पकडले गेले. १९४८ पासून त्यांनी हे सगळं ‘बंदिवानाची टिपणं’ या पुस्तकात लिहिलं, आणि त्यात या एका मिनिटावर पानंच्या पानं आहेत.

दुसरा कोणी असता तर? ‘मी मारलं नाही, माझ्यातला माणूस जागा झाला’ असं लिहून टाळ्या घेतल्या असत्या. ओओका स्वतःचीच उलटतपासणी घेतात, मुरलेल्या वकिलासारखी. मानवतेपोटी मारलं नाही? मग सेफ्टी का काढली? आपण मरणारच आहोत म्हणून मारण्यात अर्थ उरला नव्हता? पोराचं कोवळेपण बघून बापासारखी माया आली? ती तेव्हा आली की नंतर आठवणीत चिकटवली? आणि तो आणखी दहा पावलं पुढे आला असता तर? प्रत्येक उत्तर ते उचलतात, उजेडात धरतात आणि खाली ठेवतात. एकही खिशात टाकत नाहीत.

पुस्तकाच्या सुरुवातीला त्यांनी ‘तान्निशो’ या बौद्ध ग्रंथातलं तेराव्या शतकातल्या शिनरान या संताचं वाक्य घातलंय. शिनरान शिष्याला विचारतो, मी सांगेन ते करशील? शिष्य म्हणतो, करीन. मग हजार माणसं मार. शिष्य म्हणतो, माझ्याच्याने एकही मारवणार नाही. तेव्हा गुरू म्हणतो ते हे वाक्य: तुझं मन चांगलं आहे म्हणून तू मारत नाहीस, असं नाही. परिस्थिती जुळली नाही, एवढंच.

आता गंमत बघा. गंमत हा शब्द बरोबर नाही, पण राहू द्या. १९५१ मध्ये याच लेखकाने ‘नोबी’ ही कादंबरी लिहिली, ‘माळावरचे वणवे’. तिच्यातला तामुरा हा शिपाईही आजारी, उपाशी, तुकडीने हाकललेला, फक्त बेट फिलिपीन्समधलंच दुसरं, लेयते. तो एका ओसाड गावात शिरतो. तिथे एक फिलिपिनो जोडपं येतं. बाई त्याला बघून किंचाळते आणि तामुरा गोळी झाडतो. बाई मरते, पुरुष पळतो. जी गोळी आत्मकथनात झाडली गेली नाही, ती कादंबरीत झाडली गेली. मला यात ओओकांची जबाबदारीची खरी कल्पना दिसते. मी केलं नाही, हे खरं. पण माझ्या हाताने सेफ्टी काढली होती. तो हात पुढे कुठवर गेला असता हे बघायचं काम कादंबरीचं. पुढे नरमांसापर्यंत गोष्ट जाते, आणि शेवटी तामुरा वेड्यांच्या इस्पितळात बसून लिहितोय. नेमक्या मोक्याच्या जागी त्याची स्मृती गळून पडलीय. लेखकाची तल्लख, पात्राची फाटकी. ज्याने केलं त्याला आठवत नाही.

इथेच ते थांबले नाहीत. १९६७ पासून त्यांनी लेयतेच्या लढाईचा प्रचंड वृत्तांत लिहिला. त्या बेटावर ऐंशी हजारांच्या आसपास जपानी सैनिक मेले. कुठली तुकडी कुठल्या टेकडीवर, किती वाजता, किती उरले. जपानी कागदपत्रं, अमेरिकन कागदपत्रं, वाचलेल्यांच्या आठवणी, सगळं ताडून. अर्पणपत्रिका: ‘मेलेल्या शिपायांना’. वाचायला अवघड आहे, कंटाळाही येतो. पण इथे ‘मी’ जवळजवळ नाहीच. शेवटी ते लिहितात की दुसऱ्याच्या जमिनीवर जाऊन कमवायला निघालं की काय होतं, आणि त्या जमिनीचं किती नुकसान होतं, हे ही लढाई विसराळू जपान्यांना आणि अमेरिकनांना दाखवते. १९७१ मध्ये सरकारी कला अकादमीचं सदस्यत्व देऊ केलं गेलं तेव्हा त्यांनी नकार दिला. कारण काय सांगितलं, तर मी युद्धकैदी होतो, असा भूतकाळ असलेल्याला हा सरकारी मान शोभत नाही. सरकारचंच जुनं तत्त्व होतं की कैद होणं ही लाज. त्यांनी ते सरकारच्याच पदरात घातलं.

मघाशी चहाच्या वेळी एका बाईंनी मला गाठून विचारलं, तुम्ही त्या अमेरिकन पोराचे गाल लाल होते हे सांगितलंत, मग ‘नोबी’तल्या त्या बाईचं नाव काय? मी म्हटलं, नाव नाहीये. त्या म्हणाल्या, बघा म्हणजे. मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. तिच्याबद्दल मला एकच गोष्ट पक्की आठवते. ती आणि तिच्याबरोबरचा तो पुरुष त्या घरात जमिनीखाली लपवलेलं मीठ न्यायला आले होते. ते मीठ नंतर तामुराने नेलं, आणि त्यावर तो पुढचे कितीतरी दिवस जगला.